कुणाचं घर?

"हिला तं हाकच मारता येत न्हाई. ही काय फोटो काढनार?"

कौसाबाईनं हे रशीदचाचांना सांगितलं, तेही पदर तोंडापाशी धरून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पण पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तूच मला दाखवलं होतंस, आत्या. मी तुझ्या बोटीत बसले होते, काठापासून पंधरा-वीस हात आत, आणि लेन्स पुसत होते. लेन्स आधीच स्वच्छ होती.

चाचा गुडघाभर पाण्यात बोटीची दोरी धरून उभे होते. "मारंल, मारंल," ते म्हणाले. "सिस्टरचीच भाची हाय."

"मंग मार म्हना लवकर. ठेवनीतलं लुगडं नेसून आले मी. घाम लागून राहिला त्याला."

ती तिच्या जोत्यावर उभी होती. यंदा पाणी तिच्या घराच्या खाली दोन पायऱ्या उतरलंय. दगड अजून ओले आहेत, फटींमध्ये शिंपले अडकलेत. तिच्या मागे आणखी सात-आठ जोती उघडी पडली आहेत आणि त्यांच्यावर माणसं येऊन थांबली होती, दर उन्हाळ्यात थांबतात तशी. तुझी वाट बघत. तू येणार नाहीस हे माहीत असूनही ती आली होती, आणि बोट दिसल्यावर सगळे एकदम उभे राहिले. मला वाटलं, आता बोटीखाली शिरून बसावं.

हे परवाचं. पण आधीचं सांगितल्याशिवाय परवाचं सांगता येणार नाही.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. दुपारी जेवून पडलीस आणि चहाला उठली नाहीस, एवढंच झालं. त्यानंतर घरी बसायला येणाऱ्यांची रांग लागली. धरणाच्या अलीकडची माणसं, पलीकडची पुसदकडची माणसं. "सिस्टरच्या हातचं इंजेक्शन दुखायचं न्हाई," असं प्रत्येक जण म्हणाला. पलीकडची एक बाई पाणी उतरलेल्या गाळात पेरलेलं, गाळपेरातलं टरबूज घेऊन आली होती. तुझ्या फोटोसमोर ते ठेवून ती म्हणाली, "माह्या लेकराचं वजन हिनंच केलं होतं, मासेवाल्याच्या बोटीत, ताजव्याला लटकवून." मग तिला टरबूज आणल्याची लाज वाटली, कारण अशा घरी फळ आणावं की नाही हे तिला आठवेना. मी ते उचलून आत नेलं. मी तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

मी सगळ्यांपुढे मानच हलवली. पप्पा शेवटी म्हणाले, "जुई, दोन शब्द बोलत जा. माणसं लांबून आली आहेत." तू असतीस तर म्हणाली असतीस, "राहू दे तिला. ती पाहून राहिली. बोलंल मंग." लहानपणापासून माझ्यासाठी हे वाक्य तू किती जणांना ऐकवलंस! मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत गेले, तिथे मराठी बोललं की हसायचे, आणि सुट्टीत इकडे आले की माझी मराठी ऐकून हसायचे. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. तुझ्याकडे यायला आवडायचं, कारण तू मला प्रश्न विचारायची नाहीस. पुढे तर तू मला बोटीतच बसवायचीस.

बोट तू निवृत्त झाल्यावर घेतलीस. मासेमारीच्या ठेकेदारानं काढून टाकलेली, पत्र्याची, बसायला दोन फळ्या आणि मागे दोरी ओढून सुरू करायचं छोटं मशीन. कळमनुरीच्या बाजारात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रशीदचाचांनी ते मशीन तीनदा उघडून तीनदा जोडलं. पप्पा चिडले होते. "लोक म्हातारपणी तीर्थाला जातात, ही बोट घेते!"

"तीर्थाला यस्टी जाते," तू म्हणालीस. "जुन्या गावाला जात न्हाई."

आपण कुठे पोचायला निघायचोच नाही. रविवारी सकाळी डब्यात भाकरी आणि ठेचा, थर्मासमध्ये चहा, तुझ्या मांडीवर मशीनचा दांडा आणि माझ्या मांडीवर कॅमेरा. काठाकाठानं जायचं. जिथे ओढ्याच्या तोंडातून पाणी आत शिरलंय तिथे आपणही आत शिरायचं, शेवटपर्यंत जायचं आणि तसंच परत फिरायचं. थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं ओढणारा एखादा माणूस, पाण्यातच उभ्या उभ्या वाळलेल्या बाभळी, गाळाच्या मऊ जमिनीवर टिटवीच्या पायांची नक्षी. वेग किती ठेवायचा हे तू पाणकावळ्यांवरून ठरवायचीस. बाभळीच्या शेंड्यावर पंख पसरून बसलेला पाणकावळा आपण जवळून गेल्यावर उडाला, तर तू मशीन हळू करायचीस. "जोरात चाललो आपन. त्याला तकलीफ झाली." एका काठाला अर्धा दिवस लागायचा. माझ्याकडे त्या दिवसांचे हजारो फोटो आहेत, आणि आज ते बघताना लक्षात येतं की त्यातल्या एकातही घाई नाही.

हिवाळ्यातली ती सकाळ तुला आठवते का? धुकं इतकं होतं की दोन्ही काठ नाहीसे झाले. तू मशीन बंद केलंस. आपण नुसत्या तरंगत होतो. कुठूनतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, पण कोणत्या काठावरून ते कळत नव्हतं. तू पाण्यात बघून म्हणालीस, "आता आपन बाजारगल्लीत हाव." मग थोड्या वेळानं, "डावीकडं रशीदचं घर. त्याची आजी कापूस पिंजत बसायची वसरीत." आणि मग एकदम, "मान खाली घाल, इथं लिंबाची फांदी येते."

मी खरंच मान खाली घातली. तू इतकी हसलीस की बोट हलली. पण तू स्वतःही मान थोडी वाकवली होतीस, आत्या. मी पाहिलं होतं. गाव खाली आपल्या जागेवर आहे, तिथे अजून सकाळची कामं चालली आहेत आणि आपण दोघी त्याच्या आभाळातून हळूहळू चाललोय, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही झोप लागायच्या आधी कधीकधी वाटतं.

जुनं गाव मी कधी पाहिलं नाही. माझ्यासाठी गाव म्हणजे वरच्या माळावरचं पुनर्वसन, सरळ रस्ते आणि सारखे प्लॉट. पण उन्हाळ्यात पाणी उतरत गेलं की जुनं गाव एकेक घर करून वर यायचं. आधी मारुतीच्या पाराचे दगड, मग वरच्या आळीतली जोती. भिंती केव्हाच विरघळल्या, राहिलं ते फक्त काळ्या दगडांचं जोतं आणि पायऱ्या. आणि पुनर्वसनातली माणसं चांगले कपडे घालून, कुणी चालत, कुणी तुझ्या बोटीतून, आपापल्या जोत्यावर जाऊन उभी राहायची. तू पाण्यातून त्यांचे फोटो काढायचीस. "काठावरून काढला की मानूस दिसतं, घर दिसत न्हाई," असं तू म्हणायचीस.

आणि तुझी ती पद्धत. मशीन बंद करायचं. बोट स्थिर होऊ द्यायची. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि छाती भरून ओरडायचं, "कुनाचं घर?"

जोत्यावरच्या माणसानं तितक्याच जोरात उत्तर द्यायचं. "गंगाराम सुताराचं!" "पिंजाऱ्याचं!" "आमचं! म्हादजीचं!" आणि ते नाव तोंडातून बाहेर पडत असतानाच तू बटण दाबायचीस. आधी नाही, नंतर नाही. त्यामुळे तुझ्या सगळ्या फोटोंतल्या सगळ्या माणसांची तोंडं उघडी आहेत.

यावरून आपलं भांडण. आठवतंय ना? मी नांदेडला लग्नाचे अल्बम बनवते. दिवसभर संगणकावर नवऱ्या-नवरींचे चेहरे सारखे करते, नको ती खुर्ची कापते, नको तो काका कापते, पाय तर जवळजवळ नेहमीच कापते. चेहरा मोठा आला की गिऱ्हाईक खूश. तुझे फोटो मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा मला कसंसंच झालं होतं. लांबून काढलेली माणसं, तोंडं वासलेली, आणि अर्धा फोटो दगडांनी भरलेला.

"आत्या, हे जांभई दिल्यासारखे दिसतात."

"जांभई न्हाई ती. नाव हाय."

"नाव फोटोत ऐकू येत नाही."

"तुला येत न्हाई," तू म्हणालीस. "ज्याचं हाय त्याला येते."

मग तू मला शांतपणे भाकरी वाढलीस आणि मी शांतपणे चिडून जेवले. हा वाद आपण कधी संपवला नाही. दर उन्हाळ्यात तो तिथूनच पुढे सुरू व्हायचा. तू म्हणायचीस, एकदा तू हाक मारून बघ. मी म्हणायचे, मला ओरडायला जमत नाही, मी लांबून झूम करते. तू म्हणायचीस, "चोरून काढलेला फोटो चोरलेलाच राहतो, जुये." मला हे फार लागलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही. कधीच बोलले नाही.

आपलं घर मात्र कधी वर आलं नाही. ते नदीच्या अगदी अंगाला होतं, सगळ्यात खाली. सगळ्यांची जोती उघडी पडायची तेव्हाही आपल्यावर दोन पुरुष पाणी असायचं. चाचा लांब बांबू घेऊन, अमुक टेकडी आणि तमुक खोड एका रेषेत धरून बोट थांबवायचे आणि बांबू खाली सोडायचे. दगडाला लागला की टक असा आवाज यायचा. "हे घ्या सिस्टर, तुमचा गुरांचा वाडगा," ते म्हणायचे. "आत्ता पायरीवर हाव. आत्ता वसरीत." तू बांबूला हात लावून बसायचीस. उभी राहायची नाहीस.

त्या घरातून तू सासरी गेलीस, वर्षभरात परत आलीस. मग पाणी आलं. पुनर्वसनात प्लॉट आजोबांच्या नावानं मिळाला, नंतर तो पप्पांच्या नावावर झाला. तू नोकरीभर उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिलीस आणि निवृत्तीनंतर आमच्या मागच्या खोलीत. यातलं काही तू तक्रार म्हणून सांगितलं नाहीस. मीच एकेक तुकडा जोडला आहे, त्यामुळे चूक असेल तर माझी. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली होती. टपालवाला आला आणि "हे कुणाचं घर?" असं त्यानं विचारलं की तू पप्पांचं नाव सांगायचीस आणि मग उगीचच अंगणातलं काहीतरी उचलून आत जायचीस.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. तुझा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या गळ्यावरची सावली पुसत होते.

"जुये, जोतं वर येऊन राहिलं."

"कुणाचं?"

तू म्हणालीस, "आपलं, बाई. ये ना. माहा फोटो कोन काढनार?"

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. वारंगा फाट्याला तू चाचांची गाडी घेऊन हजर होतीस. जांभळी साडी, केसांना तेल, आणि पायात चपला नाहीत. "काहून?" असं मी तुझ्यासारखं विचारलं, तर म्हणालीस, "घरात चपला कोन घालते?"

पाणी घोटाभर राहिलं होतं. जोत्याचे दगड पाण्याखाली स्पष्ट दिसत होते, आणि वरची कड पूर्ण बाहेर आली होती. तू बोटीतून उतरलीस, एका विशिष्ट ठिकाणी जाऊन उभी राहिलीस, मग दोन पावलं सरकून दुसरीकडे उभी राहिलीस. "इथं चूल होती," म्हणालीस. "चुलीवर उभं राहू नये." सगळ्या जोत्यांवरची माणसं बघत होती. इतकी वर्षं सगळ्यांचे फोटो काढणारी सिस्टर आज स्वतः उभी आहे म्हणून शिट्ट्या वाजत होत्या. कौसाबाई ओरडली, "ओ बाई, मान वर! लाजून काहून राहिली?"

चाचांनी मशीन बंद केलं. बोट स्थिर झाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तू माझ्याकडे बघितलंस आणि श्वास आत घेतलास.

तू हाकेची वाट बघत होतीस.

माझ्या ओठांवर आले होते गं. दोन शब्द. पण तीस माणसं बघत होती, आणि माझा आवाज मला आधीच ऐकू येत होता, शाळेतला, पातळ. मी झूम केलं. चौकटीत फक्त तुझा चेहरा आला, मागे पाण्याचा चमचमाट, कानाजवळ उडणारी पांढरी बट. इतकी सुंदर दिसत होतीस! आणि मी बटण दाबलं, हाक न मारता.

तू आणखी थोडा वेळ तशीच उभी होतीस, श्वास धरून. मग तुला क्लिकचा आवाज आला असावा, किंवा मी कॅमेरा खाली घेतलेला दिसला असावा. तू श्वास सोडलास. हसलीस. पाण्यातून चालत बोटीपाशी आलीस.

"दाखव."

मी दाखवला. तू कॅमेऱ्याच्या त्या लहानशा काचेवर हाताची सावली धरून बराच वेळ बघितलंस.

"लई छान आला," म्हणालीस. "पन ही बाई उभी कुठं हाय?"

मी तेव्हा जे बोलले ते मला अजून तोंडपाठ आहे. मी म्हणाले, "फोटोत सगळं दाखवायचं नसतं, आत्या." माझ्या आवाजात थोडी ऐटही होती. दिवसभर अल्बम बनवणाऱ्या मुलीची.

"बरं," तू म्हणालीस. "पुढच्या साली पायासगट काढू. हाक मारून."

मी संध्याकाळच्या बसनं परत गेले, कारण दुसऱ्या दिवशी एका लग्नाचं काम द्यायचं होतं. आणखी एक दिवस राहिले असते तर! पण मी गेले. त्या आठवड्यात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि जोतं परत पाण्याखाली गेलं. पुढच्या वर्षी वर आलं नाही. यंदाही नाही.

या दोन वर्षांत आपण पंचवीस रविवार तरी बोटीत घालवले असतील. मी मशीन चालवायला शिकले. दोरी बरोबर एका झटक्यात ओढायला तूच शिकवलंस, कोपर अंगाला घासून. मी तुला त्या फोटोची मोठी प्रत करून चौकटीत घालून दिली आणि तू ती घेतलीस, छान म्हणालीस, आणि ती भिंतीवर कधीच लावली नाहीस. मी विचारलं नाही. प्रत्येक रविवारी मला म्हणायचं होतं, माझं चुकलं. मला हाक मारायची होती, मारता आली नाही, आणि मग मी ते झाकायला मोठी मोठी वाक्यं बोलले. प्रत्येक रविवारी पाणकावळे बसलेले दिसायचे, पाणी हिरवं आणि शांत असायचं, तू चहा ओतायचीस, आणि मला वाटायचं, एवढ्या शांततेत कशाला. पुढच्या वेळी.

तुझ्या दहाव्यानंतर पप्पांनी मला तुझी खोली आवरायला सांगितली. पत्र्याच्या पेटीत सगळ्यांचे फोटो होते, घराघरांचे गठ्ठे, नाडीनं बांधलेले. प्रत्येकाच्या पाठीवर तू प्रश्न लिहिला होतास, आणि खाली त्या माणसानं दिलेलं उत्तर. तुझं ते गोल, लसीकरणाच्या कार्डावरचं अक्षर. मी रात्रीपर्यंत वाचत बसले. कौसाबाईचाच गठ्ठा घे. पहिल्या फोटोमागे, "कुणाचं घर? सासऱ्याचं." मग तीन-चार वर्षं, "मालकाचं." मग तिचा नवरा गेला त्या सालापासून, "लेकाचं." जोतं तेच, बाई तीच, पायरीसुद्धा तीच. तू कुणाला काही सुधारून दिलं नव्हतंस. जे ऐकलं ते लिहिलं होतंस.

सगळ्यात खाली, साडीच्या घडीत, मी दिलेली चौकट होती. मागचा पुठ्ठा तू काढून पुन्हा लावला होतास, खिळे थोडे वाकडे बसले होते. मी तो काढला. फोटोच्या पाठीवर लिहिलं होतं, "कुणाचं घर?"

खाली काही नव्हतं. कोरं.

मी फोटो उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. तू काय म्हणणार होतीस, आत्या? आजोबांचं नाव घेणार होतीस? की पप्पांचं, टपालवाल्याला सांगायचीस तसं? की आणखी कुणाचं? तो श्वास तू कोणत्या नावासाठी धरला होतास? मी विचारलंच नाही म्हणून ते उत्तर झालंच नाही. तू खोटं लिहिणारी नव्हतीस. ऐकलं नाही ते तू लिहिलं नाहीस.

म्हणून परवा मी चाचांना फोन केला आणि म्हटलं, बोट काढू या. फोनवर बोलायला सोपं गेलं. पाण्यावर गेल्यावर परत तेच. कौसाबाई जोत्यावर, तिचं ठेवणीतलं लुगडं, तिचं ते वाक्य. लेन्स पुसून झाली होती.

मी बोटीत उभी राहिले. मी म्हणाले, "कुणाचं घर?"

"आं?" कौसाबाई म्हणाली.

"म्हनून राहिली ती!" चाचा ओरडले. "आयक ना!"

"तू नको सांगू, तिला म्हनू दे!"

मी परत म्हणाले. या वेळी आवाज फाटला, पातळ, शाळेतलाच, पण पाण्यावरून तो गेला. समोरच्या जोत्यापर्यंत गेला आणि मागच्या टेकडीला लागून थोडासा परतही आला. कुणी हसलं नाही.

कौसाबाईनं पदर सारखा केला, मान वर केली आणि अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असं ओरडली, "पांडुरंगाऽऽचं!" पांडुरंग तिचा नातू. आत्ताच चालायला लागलाय.

मी बटण दाबलं. तोंड उघडं, पाय पायरीवर, पायाखाली ओले दगड. सगळं आलं. मग मी एकेका जोत्यासमोर बोट नेली आणि आठ वेळा ओरडले. शेवटी घसा बसला. चाचांच्या जोत्यापाशी आल्यावर ते स्वतःच पाण्यातून पळत जाऊन वर चढले आणि मी विचारायच्या आतच "पिंजाऱ्याचं!" म्हणाले, तर मागून सगळे ओरडले, "हाक तं मारू दे रे तिला!"

उन्हं उतरायला लागली तेव्हा आम्ही आपल्या घरावर गेलो. चाचांनी टेकडी आणि खोड एका रेषेत धरलं, मशीन बंद केलं, बांबू सोडला. टक. मी उभी राहिले आणि बांबू त्यांच्या हातातून घेतला. तो तळाशी दगडावर टेकला होता, वर माझ्या हातात होता, आणि दगडाचा कठीणपणा त्यातून तळहातापर्यंत येत होता. माझ्या एवढ्या जवळ आपलं घर कधी आलं नव्हतं.

"फोटो काढायचा का?" चाचांनी विचारलं. मी त्यांना कॅमेरा दिला. "पाय येऊ द्या," मी म्हणाले. "आणि बांबू पाण्यात जातो तिथपर्यंत."

ते बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि गोंधळले. हाक मारायचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. ते तुझं होतं. तेवढ्यात काठावरून, दूरच्या त्या जोत्यावरून, कौसाबाईचा आवाज आला. ती घरी गेलीच नव्हती.

"ए पोरी! कुनाचं घर गं ते?"

सगळ्यांना माहीत आहे ते कुणाचं घर. आजोबांचं नाव अजून सगळे घेतात. मी काहीतरी पुटपुटले.

"आयकू येईना! कुनाचं घर?"

मी छाती भरून श्वास घेतला, तू घेतला होतास तसा, आणि ओरडले, "मंदाचं! माझ्या मंदाआत्याचं घर!"